आधी शिकवा, मग टक्के मोजा : विद्या परिषदा आणि अभ्यास मंडळांच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातल्या विद्यापीठांच्या विद्या परिषदांचे आणि अभ्यास मंडळांचे सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावातल्या अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. यंदा सत्र सुरू होता होता आमच्याकडे एक परिपत्रक आलं. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने फील्ड प्रोजेक्टच्या अहवालाला सॉफ्टवेअरचा साम्य अहवाल, म्हणजे मजकूर इतरत्र किती टक्के जुळतो ते सांगणारा कागद, जोडायचा आणि साम्य दहा टक्क्यांच्या वर निघालं तर प्रोजेक्ट स्वीकारायचा नाही. सॉफ्टवेअर कोणतं, ते मिळणार कुठे, पैसे कोण भरणार आणि मुळात या मुलांना संदर्भ द्यायला शिकवणार कोण, यावर त्यात एक ओळ नाही. परिपत्रक कुठल्या विद्यापीठाचं ते सांगत नाही. इतर ठिकाणच्या ग्रंथपालांशी बोलले तर थोड्याफार फरकाने तीच कथा ऐकू येते. म्हणून हे पत्र सगळ्यांनाच.

मुलांनी दुसऱ्याचं लिखाण स्वतःच्या नावावर खपवू नये, याबद्दल आपल्यात वाद नाही. रेडीमेड प्रोजेक्टचा धंदा मी रोज बघते. कॉलेजच्या दारासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात विषय सांगायचा, नाव आणि रोल नंबर द्यायचा, की संध्याकाळी सोनेरी अक्षरांचं ब्लॅक बुक, म्हणजे काळ्या पुठ्ठ्यात बांधलेला अहवाल, हातात. त्याला आळा घालायलाच हवा. पण या परिपत्रकाने काय घातलं ते सांगते. पूर्वी मुलं माझ्या काउंटरवर येऊन विचारायची, ‘मॅडम, या विषयावर काही पुस्तक आहे का?’ आता विचारतात, ‘मॅडम, प्लॅग किती येईल?’ प्लॅग म्हणजे उचलेगिरीचा टक्का. अजून एक ओळ लिहिलेली नसते.

पहिलं म्हणजे नियमाचंच बघू. परिपत्रकात यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, उचलेगिरी रोखण्यासाठीच्या २०१८ च्या नियमावलीचा हवाला आहे. त्या वर्षी जुलैत अधिसूचित झालेल्या त्या नियमावलीत दंडाची उतरंड आहे, हे खरं. दहा टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही. दहाच्या पुढे चाळीसपर्यंत असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यायचं. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सादर करायला बंदी. साठच्या वर नोंदणीच रद्द. पण ही उतरंड प्रबंध आणि लघुप्रबंधांसाठी आहे. कोणतं लिखाण या कक्षेत धरायचं याची व्याख्या त्याच नियमावलीच्या सुरुवातीला आहे : पदव्युत्तर आणि संशोधन पातळीच्या पदवीसाठी किंवा प्रकाशनासाठी दिलेलं लिखाण. आणि लगेच पुढे काय काय वगळलं आहे तेही लिहिलं आहे : असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट, निबंध, उत्तरपत्रिका. म्हणजे एकोणीस वर्षांच्या मुलाच्या प्रोजेक्टवर जी पट्टी आपण ठेवतो आहोत, ती करणाऱ्यांनीच ती इथे लावायची नाही असं सांगून ठेवलं आहे. याचा अर्थ प्रोजेक्टमध्ये उचलेगिरी चालते असा नाही. ती पकडायची आणि सुधारायची जबाबदारी शिक्षकाची आहे, टक्क्याची नाही, एवढाच अर्थ आहे.

त्याच नियमावलीने संस्थांवर कामंही टाकली आहेत. दर सत्रात जाणीवजागृतीचे कार्यक्रम घ्यायचे. श्रेय कसं द्यायचं, परवानगी कधी घ्यायची हे विद्यार्थ्यांना शिकवायचं. शैक्षणिक प्रामाणिकपणाची तत्त्वं पदवीच्या अभ्यासक्रमातही सक्तीने आणायची. साम्य तपासणारी आणि संदर्भ सांभाळणारी साधनं कशी वापरायची याचं प्रशिक्षण द्यायचं. परिपत्रकात यातलं काही नाही. दंडाचं कलम उचललं, शिकवण्याचं कलम तिथेच राहिलं. उचललंही शब्दशः, परिपत्रकाचे दोन परिच्छेद नियमावलीचे सरळ भाषांतर आहेत आणि अवतरणचिन्हं नाहीत. (चिमटा काढायचाच होता, तो काढला.)

दुसरी तक्रार अभ्यासक्रमाच्या क्रमाबद्दल आहे आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी. नव्या शैक्षणिक धोरणासाठी २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने जी श्रेयांकांची (क्रेडिटची) रचना ठरली, तिच्यात फील्ड प्रोजेक्ट दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या सत्रात येतो. त्यामागोमाग समाजसहभागाचा उपक्रम. आणि संशोधन पद्धती हा विषय? तो चौथ्या वर्षी, सातव्या सत्रात. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून हेच लागू आहे. आमच्याकडची बहुतेक मुलं तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडतील. पोलीस भरती, बँकेच्या परीक्षा, नाहीतर पुण्या-चाकणची कंपनी. म्हणजे त्यांना प्रोजेक्ट करावे लागतील, पण प्रोजेक्ट कसा करायचा हे शिकवणारा तास त्यांच्या आयुष्यात कधी येणारच नाही. ज्यांच्या हाती ही रचना आहे त्या तुम्हाला हे दिसलं नसेल असं मला वाटत नाही. मग ते तसंच का राहिलं, याचं उत्तर हवं आहे.

शिवाय ही मुलं कुठून येतात तेही बघा. पहिली ते बारावी आपण त्यांना काय शिकवलं? पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं की पैकीच्या पैकी. स्वतःच्या शब्दांत लिहिलं की ‘मुद्दा सुटला’ म्हणून अर्धा मार्क गेला. बारा वर्षं ज्या गोष्टीला शाबासकी दिली, तिलाच तेराव्या वर्षी चोरी म्हणायचं आणि मधे कुणी काही सांगायचं नाही, हा न्याय मला पटत नाही.

आता तो टक्का कसा निघतो ते सांगते, कारण परिपत्रक काढणाऱ्यांनी एकदाही असा अहवाल उघडून पाहिला नसावा.

आमच्या एका विद्यार्थिनीने आपल्या वस्तीवरच्या विहिरींचा प्रोजेक्ट केला. दोरीला दगड बांधून, दोरीवर हात-हाताच्या गाठी मारून तिने पाण्याची खोली मोजली आणि प्रत्येक विहिरीच्या मालकाशी बोलून कोणत्या महिन्यात मोटर कोरडी पडते ते लिहून घेतलं. शासनाच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या नोंदी तिने शोधून आणल्या, शेजारी आपल्या नोंदी मांडल्या. दुकानातून अहवाल आला : साम्य एकतीस टक्के. मी तो पान-पान बघितला. काय जुळलं होतं? मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र. ऋणनिर्देश. जनगणनेतून घेतलेली तालुक्याची माहिती, जिच्याखाली तिने जनगणनेचं नाव लिहिलं होतं. संदर्भसूची सगळीच्या सगळी. आणि ‘मी असे घोषित करते की, सदर प्रकल्प अहवाल हे माझे स्वतःचे मूळ लेखन आहे’ हे प्रतिज्ञापत्र. ते अर्थातच राज्यभर एकाच साच्याचं असल्यामुळे शंभर टक्के उचललेलं निघालं. संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश आणि श्रेय दिलेली अवतरणं मोजायचीच नाहीत, असं २०१८ ची नियमावली सांगते. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी खुणेचे चौकोन असतात. दुकानदाराने ते टिकमार्क केले नव्हते. तो का करेल? टक्का जास्त निघाला तर ‘कमी करून देण्याचे’ वेगळे पैसे आहेत.

त्याच वेळी दुसऱ्या एका प्रोजेक्टला शून्य टक्के आले. तो अख्खा जुन्या ब्लॅक बुकवरून घेतलेला होता, हे मला माहीत होतं, कारण मूळ प्रत माझ्याच कपाटात आहे. पण तो युनिकोडच्या आधीच्या जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेला होता. असा मजकूर आपल्याला पडद्यावर देवनागरी दिसतो, यंत्राला मात्र ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. खिचडी कशाशी जुळणार? इंग्रजी लेख मराठीत उतरवून स्वतःच्या नावावर लावला तरी तोच प्रकार, शब्दच वेगळे म्हटल्यावर ते सहसा जुळत नाहीत. परिपत्रकाप्रमाणे विहिरींवर दोरी सोडणारी मुलगी नापास आणि हा पठ्ठ्या पास. वजनकाट्यावर पोतं किती किलोचं ते कळतं, आत धान्य आहे की खडे ते कळत नाही.

आणि ‘कमी करून देणं’ म्हणजे काय? मजकूर शब्द बदलणाऱ्या एखाद्या साधनात घालायचा, बाहेर येईल तो छापायचा. एका अहवालात मी ‘पाण्याने भरलेले शेत योजना’ वाचलं. जरा वेळाने लक्षात आलं की हे जलयुक्त शिवार. शासनाच्या योजनेचं नावही बदललं, कारण ते इतरत्र सापडत होतं. त्या मुलाने मूळ चार पानं वाचून त्यातली दोन वाक्यं अवतरणात दिली असती, तर तो काहीतरी शिकला असता. आपल्या नियमाने तो वाक्य लपवायला शिकला. वर दुकानदाराने स्वतःच्या खात्यावरून फाइल सॉफ्टवेअरमध्ये साठवून ठेवली तर कॉलेजने नंतर केलेल्या तपासणीत ती स्वतःशीच जुळते आणि टक्का नव्वदच्या पुढे जातो. तेव्हा या पोराने कुणाकडे दाद मागायची?

साधनं नाहीत म्हणावं तर तेही खरं नाही. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना सेवा देणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने २०१९ मध्ये शोधशुद्धी ही सेवा सुरू केली आणि विद्यापीठांना तपासणीचं सॉफ्टवेअर पुरवलं. ते प्रामुख्याने पीएचडीच्या प्रबंधांसाठी वापरलं जातं. पदवीच्या मुलांवर टक्क्याचा नियम लावताना ती सोय तालुक्याच्या कॉलेजपर्यंत आली का? आली नाही. नियम आला.

संदर्भ मराठीत कसा द्यायचा हेही ठरलेलं नाही, ही माझी आणखी एक तक्रार, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे माझं रोजचं काम आहे. एका विभागात एपीए शैली हवी असते, दुसऱ्यात एमएलए, मराठी विभागातले ज्येष्ठ सर ‘तत्रैव’ आणि ‘उपरोक्त’ लिहायला सांगतात. एकच मुलगा तीन विषयांना तीन तऱ्हेने लिहितो आणि तिन्हीकडे चुकतो. मोबाइलवरच्या साधनात ‘महाराष्ट्र शासन’ टाकलं की बाहेर येतं ‘शासन, महाराष्ट्र’. कुसुमाग्रजांची कविता कुसुमाग्रज या नावाखाली नोंदवायची की शिरवाडकरांच्या? ज्ञानेश्वरीचा कर्ता सूचीत कोणत्या अक्षराखाली? ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी की ‘क’ आणि ‘ज’ मध्ये? पुस्तकावर फक्त शके १८२० असेल तर इसवी सन लिहायचं की शक? सातबाऱ्याच्या उताऱ्याचा संदर्भ कसा लिहितात? आजीने सांगितलेल्या दुष्काळाच्या आठवणीचा? आमच्या मुलांचं सगळं क्षेत्रकाम याच गोष्टींवर चालतं आणि परदेशात तयार झालेल्या शैलीपुस्तिकांत यातल्या बहुतेकांचं उत्तर नाही.

आपल्याकडे याची परंपरा नाही असं मात्र कुणी म्हणू नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ पासून १९६६ पर्यंत केली. तिचं कोणतंही पान उघडा : वर संहिता आणि खाली कोणत्या हस्तलिखितात कोणता पाठ आहे त्याची बारीक नोंद. मराठी विश्वकोशात नोंदीखाली संदर्भ आणि नोंद लिहिणाऱ्याचं नाव असतं. मुलं विश्वकोशातून घेतात आणि ‘गूगल’ असा संदर्भ लिहितात, कारण त्या तळाच्या ओळीकडे बोट दाखवून हे का छापलं आहे, असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

सांगायला फार वेळ लागत नाही. मी मधल्या सुट्टीनंतर वाचनालयात जमेल तेवढ्या मुलांना बसवते. मीच रचलेलं एक वाक्य फळ्यावर लिहिते : ‘गावातील विहिरींची पातळी जानेवारीनंतर झपाट्याने खाली जाते, कारण उसाखालील क्षेत्र वाढले तशी उपशाची वेळही वाढली.’ हे स्वतःच्या शब्दांत लिहा म्हटलं की बहुतेक वह्यांत येतं : ‘खेड्यातील विहिरींची पातळी जानेवारीनंतर वेगाने घसरते, कारण उसाचे क्षेत्र वाढले तसा उपसाही वाढला.’ शब्द बदलले, हाडं तीच. ही उचलच आहे, सॉफ्टवेअरने पकडली नाही तरी. मग पुस्तक मिटायला लावते आणि सांगते, लेखक काय म्हणतो ते शेजारच्याला तोंडी सांग, मग लिही, शेवटी लेखकाचं नाव, वर्ष, पान टाक, आणि तुझ्या गावात काय दिसलं ते पुढे जोड. तेव्हा एखादा लिहितो : ‘विहिरी आटण्याचं कारण लेखकाने ऊस मानलं आहे. आमच्या शिवारात ऊस नाही, तरी फेब्रुवारीत तळ दिसतो.’ संशोधन इथे सुरू होतं. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झालं याला संदर्भ लागत नाही, पण आपल्या तालुक्यात गेल्या वर्षी किती मिलिमीटर पाऊस पडला याला लागतो, हेही याच तासात सांगून होतं. टिपण काढताना आधी पुस्तकाचं नाव, आवृत्ती, पान लिहायचं आणि मगच मजकूर, एवढी एक सवय लागली तरी निम्मी उचलेगिरी थांबते. कारण ती बहुतेकदा लबाडीने होत नाही, वहीतलं कुठलं वाक्य कुणाचं हे महिन्याभराने आठवत नाही म्हणून होते.

पण हा तास वेळापत्रकात नाही. त्याला श्रेयांक नाही, त्यामुळे येणारी मुलं मोजकी. आणि अनेक महाविद्यालयांत तर ग्रंथपाल निवृत्त झाल्यावर ते पद भरलेलंच नाही. शिपाई पुस्तकं देतो-घेतो, बस.

चॅटजीपीटीबद्दल थोडक्यात. ते लिहून देतं आणि संदर्भही रचून देतं. लेखक खरा, प्रकाशक खरा, पुस्तक मात्र कधी निघालेलंच नाही, अशा याद्या घेऊन मुलं माझ्याकडे पुस्तक मागायला येतात. आता ‘एआय किती टक्के’ हेही तपासा अशी कुजबुज कानावर येते आहे. ते करण्याआधी एवढं लक्षात घ्या की, ज्या ओपनएआयने चॅटजीपीटी बनवलं, तिनेच स्वतःचं असं ओळखण्याचं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. त्यापेक्षा मुलाला समोर बसवून दहा मिनिटं विचारा : हे आकडे कुठून आणलेस, हे पुस्तक दाखव. लगेच कळतं.

आणि शेवटची तक्रार आपल्या सगळ्यांबद्दल. वर्गात ज्या नोट्स फिरतात, त्यांच्याखाली कधी स्रोत असतो का? मुलं बघत असतात.

मागण्या अशा. पदवीच्या प्रोजेक्टला लावलेली दहा टक्क्यांची अट मागे घ्या. साम्य अहवाल काढायचाच असेल तर तो वाचनालयातून, मोफत, युनिकोडमधल्या मजकुराचा, नियमावलीत वगळलेले भाग वगळून आणि फाइल साठवून न ठेवता काढला जावा. तो शिक्षकाने मुलासोबत बसून वाचावा. नुसत्या आकड्यावर कुणालाही नापास करू नये.

संदर्भलेखन आणि माहितीचा शोध यांचा दोन श्रेयांकांचा विषय दुसऱ्या सत्रात, म्हणजे पहिल्या फील्ड प्रोजेक्टच्या आधी आणा. कौशल्याच्या विषयांच्या टोपलीत त्याला जागा करता येते, त्यासाठी धोरण बदलावं लागत नाही. तो ग्रंथपाल आणि विषयशिक्षक यांनी मिळून शिकवावा, आणि त्यासाठी ग्रंथपालांची रिकामी पदं भरावीत म्हणून शासनाकडे आपण लेखी पाठपुरावा करावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने संशोधन नियतकालिकांची देशभरासाठी एकत्र वर्गणी भरणाऱ्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेसाठी तीन वर्षांचे ६,००० कोटी मंजूर केले आणि सरकारी संस्थांना जवळपास १३,००० नियतकालिकं खुली केली. अनुदानित महाविद्यालयांतल्या मुलांना ती कधी आणि कशी मिळणार, हेही याच पत्रव्यवहारात विचारा.

प्रोजेक्टचे गुण बांधलेल्या पुस्तकाला देणं थांबवा. टिपणवही, पहिला खर्डा आणि तोंडी परीक्षा यांना निम्म्याहून जास्त गुण ठेवा. ब्लॅक बुकची सक्ती काढून टाका. साधं स्पायरल पुरे, आणि दोन्ही बाजूंना छापलं तरी चालेल. त्याने काय फरक पडतो असं वाटत असेल तर कधी विद्यार्थ्यांना खर्च विचारून बघा.

मराठीतल्या संदर्भांसाठी वीस-पंचवीस पानांची एक पुस्तिका सगळ्या विद्यापीठांनी मिळून काढा. रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठाला त्यात पुढाकार घेता येईल. सातबारा, गॅझेटिअर, मुलाखत, टोपणनाव, शके, सगळ्यांचे नमुने त्यात असावेत, आणि ती जालावर मोफत असावी.

विद्या परिषदेच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि काय ठरलं ते संकेतस्थळावर टाकावं, एवढी विनंती. दोन श्रेयांकांच्या विषयाचा कच्चा मसुदा, तीस तासांची विभागणी आणि सरावाचे उतारे यांसह, माझ्याकडे तयार आहे. कोणत्याही अभ्यास मंडळाने मागितला तर त्याच दिवशी पाठवीन. त्यातलं हवं ते घ्या. फक्त माझ्या महाविद्यालयाच्या वाचनालयाचं नाव तळटीपेत टाका.

आपली विश्वासू,
एक ग्रंथपाल